घाटघरचं वाचनयंत्र

घरात पुस्तकं फार झाली की दोनच मार्ग उरतात. एक तर पुस्तकांनी घराबाहेर जायचं, नाहीतर माणसांनी. आमच्याकडे हा प्रश्न निर्वाणीला आला तो माझ्या निवृत्तीनंतर. शाळेत इतिहास शिकवत होतो तोवर निम्मी पुस्तकं शिक्षकांच्या खोलीतल्या कपाटात दडवता येत होती. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं मला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि कपाट रिकामं करायला सांगितलं. तेव्हापासून पलंगाखाली पुस्तकं, फ्रिजवर पुस्तकं, गव्हाच्या कोठीवर पुस्तकं! एके दिवशी तांदळाच्या डब्यामागे सौभाग्यवतींना पेशवाईवरचा एक जाडजूड खंड सापडला. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "आता या घरात एक पुस्तक आलं की एक माणूस जाईल. कोण ते तुम्ही ठरवा."

घरात माणसं आम्ही दोनच. तेव्हा ठरवण्यासारखं फारसं काही नव्हतं.

ही वार्ता मुलाच्या आणि जावयाच्या कानावर गेली. दोघांनी एकाच रविवारी एकच उपाय सुचवला : "बाबा, ई-बुक रीडर घ्या." आमच्या घराण्यात मुलगा आणि जावई यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच नोंद. ती पाच मिनिटंही टिकली नाही. कारण 'कोणता घ्या' हा पुढचा प्रश्न आला आणि घरात दोन पक्ष पडले. मुलाचं यंत्र एका कंपनीचं, जावयाचं दुसऱ्या. या दोन कंपन्यांची नावं मी सांगणार नाही. एकाचं नाव छापलं तर दिवाळीला दुसरा जेवायला यायचा नाही. आपण आपलं एकाला काळं म्हणू आणि दुसऱ्याला पांढरं. दोघांनीही आपापलं यंत्र पंधरा दिवसांसाठी माझ्या ताब्यात दिलं आणि दोघंही मला एकेकटे गाठून म्हणाले, "वापरून बघा, म्हणजे कळेल."

आता मी पडलो इतिहासाचा मास्तर. कोणत्याही गोष्टीचं घराणं पाहिल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. आमच्या आत्याचं लग्न ठरवताना आजीनं मुलाच्या पगाराआधी त्याच्या आजोळची चौकशी केली होती. मीही त्याच वळणावर गेलो.

या घराण्याचा मूळपुरुष मायकेल हार्ट नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी. १९७१ च्या ४ जुलैला इलिनॉय विद्यापीठातल्या भल्यामोठ्या संगणकात त्यानं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकून ठेवला आणि ज्याला हवा त्यानं घ्यावा असं कळवलं. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' हा फुकट पुस्तकांचा उद्योग तिथून सुरू झाला. म्हणजे मूल आधी जन्मलं आणि पाळण्याचा पत्ता नाही! पुस्तक मांडीवर घेऊन वाचता येईल अशी यंत्रं अमेरिकेत आली ती १९९८ साली, तीही दोन एकदमच : रॉकेट ई-बुक आणि सॉफ्टबुक. सॉफ्टबुकला तर चामड्याचं वेष्टण होतं, न जाणो, पुस्तकासारखं वाटलं नाही तर! पण पडद्यामागे दिवा. दिव्याकडे बघत कादंबरी वाचायची म्हणजे मोटारीच्या हेडलाइटपुढे उभं राहून पत्र वाचण्यासारखंच. पुढं दोन्ही कंपन्या तिसऱ्याच एका कंपनीनं विकत घेतल्या आणि २००३ मध्ये तिनं तो धंदाच गुंडाळला.

खरी अडचण पडद्याची होती. ती सोडवली ई इंक या कंपनीनं. ती १९९७ मध्ये एमआयटीतल्या मंडळींनी काढली होती. त्यांच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या लाखो कुप्या असतात. कुपीत पांढरे कण आणि काळे कण. वीज एका दिशेनं लावली की काळे वर येतात, उलट लावली की पांढरे. एकदा कण जागेवर बसले की ते तिथंच राहतात. वीज लागते ती पान उलटण्यापुरती. म्हणून ही यंत्रं एकदा चार्ज केली की आठवडेच्या आठवडे चालतात, आणि उन्हातसुद्धा छापील कागदासारखी दिसतात.

सोनीनं हा पडदा लावून २००४ मध्ये जपानात 'लिब्रिए' आणलं. पण त्याच्यासाठी घेतलेलं पुस्तक साठ दिवसांनी आपोआप बंद व्हायचं. ही युक्ती आपल्याकडे आधी निघती तर निम्म्या महाराष्ट्रातल्या वाचनालयांची पुस्तकं सभासदांच्या घरी म्हातारी झाली नसती. मग १९ नोव्हेंबर २००७ ला अमेझॉनचं किंडल आलं. किंमत ३९९ डॉलर. पहिला साठा साडेपाच तासांत संपला. २००९ मध्ये नूक आलं, २०१० मध्ये कॅनडाहून कोबो आलं. इंग्रजीत 'बुक' या शब्दाची अक्षरं उलटसुलट केली की कोबो होतं. आपल्याकडे २०१० मध्ये अहमदाबादच्या इन्फीबीम कंपनीनं ९,९९९ रुपयांना एक यंत्र काढलं. त्याचं नाव 'पाय'. गणितातला पाय हो! पण "हल्ली मी सगळं पायवर वाचतो" हे मराठी माणसानं चारचौघांत कसं सांगायचं? तो पाय फार लांब चालला नाही. २०१२ पासून किंडल आपल्या दुकानांत मिळू लागलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अमेझॉननं मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं त्यावर आणली.

इथपर्यंत स्थळ चांगलं वाटत होतं. पण चौकशी खोलवर केली की प्रत्येक घराण्यात एक काका सापडतोच. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत पुष्कळ लोकांच्या किंडलवरून एक विकत घेतलेलं पुस्तक रातोरात नाहीसं झालं. ज्यानं ते विकायला ठेवलं होतं त्याच्याकडे हक्कच नव्हते, म्हणून कंपनीनं ते परत ओढून घेतलं आणि पैसे परत केले. पुस्तक कोणतं? ऑर्वेलचं '१९८४'! सरकार जुने कागद नाहीसे करतं, अशी ज्याची गोष्ट, नेमकं तेच. पुढं कंपनीच्या मालकांनी जाहीर माफी मागितली. २०१४ मध्ये सोनीनं अमेरिकेतलं आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं आणि गिऱ्हाइकं कोबोच्या हवाली केली. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तर विकलेली सगळीच पुस्तकं बंद केली आणि पैसे परत दिले. समजा, मी मंडईशेजारून घेतलेलं पुस्तक पंधरा वर्षांनी दुकानदार घरी येऊन घेऊन गेला आणि जाताना टेबलावर पैसे ठेवून गेला, तर त्याला प्रामाणिक म्हणायचं की दुसरं काही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शिवाय रुळांचा प्रश्न. पूर्वी पंढरपूरला जायचं तर मिरजेला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावं लागे. रूळच वेगळे. पुस्तकांचंही तसंच आहे. ईपब नावाचा एक खुला मार्ग आहे, तो बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांना चालतो. किंडलचे रूळ त्याचे स्वतःचे. २०२२ पासून आपल्याकडची ईपब फाईल किंडलकडे पाठवता येते. पण तिथं विकत घेतलेलं पुस्तक दुसरीकडे न्यायचं म्हटलं की पंचाईत. पूर्वी ते संगणकावर उतरवून केबलनं यंत्रात घालता येई, ती सोयही फेब्रुवारी २०२५ मध्ये गेली. आणि ईपबवाले फार उदार आहेत असं समजू नका. दुकानातल्या पुष्कळ पुस्तकांना त्यांनीही कुलपं घातलेलीच असतात. किल्ली आपल्याला मिळते, पण ती दाराला बांधलेली!

तरी मी म्हटलं, आधी मराठी बघू. एका स्नेह्याच्या जुन्या यंत्रावर मी एक प्रवासवर्णन वाचलं होतं. त्यात लेखक सह्याद्रीच्या 'दर्या' ओलांडत होता. मला वाटलं, अलंकार असेल. पुढच्या पानावर लग्नात 'आचार्यांनी' भात करपवला आणि यजमानानं 'आचार्यांना' पायरीखाली उतरवलं, तेव्हा उलगडा झाला. आपल्या 'ऱ्या'मधला तो आडवा र यंत्राला, किंवा पुस्तक टंकणाऱ्याला, ठाऊकच नव्हता. दऱ्यांचा दर्या झाला आणि आचाऱ्याचा आचार्य. त्या दिवसापासून मी कोणत्याही यंत्राला पहिला प्रश्न हाच विचारतो : दऱ्या येतात का? काळ्याला आल्या, पांढऱ्यालाही आल्या. पण एका हौशी मंडळींनी फुकट वाटलेल्या पीडीएफ पुस्तकानं दोघांनाही घाम फोडला. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटोच म्हणा ना. मोठं पान सहा इंची पडद्यात कोंबलं की अक्षरांच्या मुंग्या होतात. ईपबमधलं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ओळी आपोआप सरकून बसतात. साठीनंतर साहित्याची गोडी पुष्कळशी या गुणावर अवलंबून असते.

पंधरा दिवसांतले दहा असे गेले, आणि श्रावणात आमच्या निवृत्त मास्तर मंडळींची सहल निघाली. स्थळ, घाटघर. आता घाटघरं दोन आहेत. एक भंडारदऱ्याजवळचं, तिथं २५० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आहे. आम्ही निघालो ते दुसरं, जुन्नर तालुक्यातलं, नाणेघाटाच्या माथ्यावरचं. म्हणजे चार्ज करायची यंत्रं दोन बरोबर घेऊन आम्ही बरोबर चुकीच्या घाटघरला निघालो होतो. जुन्नरहून आपटाळे, चावंड करत पोचलो तेव्हा असा पाऊस, की शेजारी उभा असलेला अख्खा जीवधन किल्ला कुणीतरी उचलून नेल्यासारखा वाटत होता.

नाणेघाटात मी पिशवीतून काळं यंत्र बाहेर काढलं. दरी पाहत उभं राहून एक पान वाचावं, अशी हौस. चार थेंब पडद्यावर पडले आणि पानं भराभर उलटू लागली. बोट काय, थेंब काय, यंत्राला सारखंच! मी चष्मा पुसून बघेपर्यंत पावसानं दोन प्रकरणं वाचून टाकली होती. पुढं दरीत पाहिलं तर खाली सगळं पांढरं, हलणारं, क्षितिजापर्यंत. दऱ्या कुठंच नव्हत्या. दिसत होता तो दर्याच. स्नेह्याच्या यंत्राची मी मनातल्या मनात माफी मागितली.

मग आडोशाला गुहेत शिरलो. ही गुहा सातवाहनांची. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेनं चढून जुन्नरला आणि पुढं पैठणला जायचा. माथ्यावर एक दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत म्हणून सांगतात. गुहेच्या मागच्या भिंतीत राजघराण्यातल्या मंडळींचे पुतळे होते. पुतळे गेले, वर कोरलेली नावं राहिली. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका. आणि बाजूच्या भिंतींवर तो प्रसिद्ध लेख, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत, दोनएक हजार वर्षांपूर्वीचा. मी शाळेत तीस वर्षं शिकवत आलो की हा लेख फार महत्त्वाचा आहे. का महत्त्वाचा, तर पुस्तकात तसं छापलं होतं म्हणून. त्या दिवशी भिजलेल्या अंगानं त्याच्यासमोर बसल्यावर पहिल्यांदा नीट ध्यानात आलं, की हा तर घरखर्चाचा हिशेब आहे!

खरंच. कोणते यज्ञ केले आणि दक्षिणा काय दिली, त्याची ती यादी. ११,००० गाई, १,००० घोडे. एका ठिकाणी २४,४०० कार्षापणं. आकड्यांना शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. याच आकड्यांवर पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६ मध्ये निबंध लिहिला, आणि १८८३ मध्ये ब्यूलरनं सगळा लेख छापला. आपल्या अंकांचा इतिहास सांगणारे विद्वान अजून या गुहेपाशी येऊन थांबतात.

मी यंत्राकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. भिंतीला चार्जिंग नाही, कुलूप नाही, मालकानं रात्रीतून परत ओढून न्यायची भीती नाही. पाऊस दोन हजार वर्षं दारात उभा आहे, लेख बराच झिजला आहे, तरी एकही पान त्याला उलटता आलेलं नाही. म्हटलं, जिंकली राणी! पण मास्तरकीची खोड वाईट. लगेच दुसरं आठवलं. या भिंतीवरची अक्षरं हजारएक वर्षं तरी कुणालाच वाचता येत नव्हती. ब्राह्मीपासूनच बदलत बदलत आपली देवनागरी झाली, पण नातवाला आजोबांचा चेहरा ओळखू येईना. घाटातून माणसं जात होती, बैल जात होते, गुहेत पावसाला टेकत होती. समोर सगळा हिशेब उघडा. पण न वाचता येणारी लेणी पांडवांच्या नावावर जमा करायची, ही आपल्याकडची रीतच. १८३७ मध्ये प्रिन्सेपनं ब्राह्मीचा उलगडा केला, तेव्हा कुठं भिंत बोलायची शक्यता आली. यंत्र शाबूत, पुस्तक शाबूत, आणि वाचणारा नाही! आमच्या जावयाच्या भाषेत, फॉरमॅट गेलेला.

आणि तिथंच मला वडिलांची वही आठवली.

वडील रोज रात्री एका लांबट वहीत काहीतरी लिहीत. मोडीत. ते गेल्यावर वही ट्रंकेत गेली. कागद धड आहे, शाई धड आहे, वाळवीनंसुद्धा तिला सोडलं आहे. पण आईला मोडी येत नव्हती, मला येत नाही, मुलाला तर मोडी म्हणजे मोडीत काढणं एवढंच ठाऊक. म्हणजे आमच्या घरात पस्तीस वर्षं एक नाणेघाट ट्रंकेत पडून होता, आणि मी वर्गात मुलांना विचारत होतो, "ब्राह्मी लिपी विस्मृतीत का गेली? थोडक्यात उत्तर लिहा."

रात्री मुक्काम घाटघरातच एका घरी. पिठलं-भाकरी झाली आणि वीज गेली. मी पांढरं यंत्र काढलं, त्याला स्वतःचा मंद दिवा आहे. घरातली पाचवीतली मुलगी जवळ येऊन बसली. मागं तिची आजी.

"ही पाटी का हो सर?" आजीनं विचारलं.

"पाटीच म्हणायची. हिच्यात शेकडो पुस्तकं मावतात."

"आन् पुसली गेली म्हंजी?"

दहा दिवस मी जे वाचत होतो ते बाईंनी चार शब्दांत विचारलं. मी म्हटलं, "तेच बघतोय, आजी."

मुलीला म्हटलं, वाच. तिनं एक गोष्ट मोठ्यानं वाचायला घेतली आणि शाळेतल्या सवयीनं ओळीखाली बोट ठेवलं. पान उलटलं. परत आणलं, परत बोट, परत उलटलं. गोष्टीतला पाहुणा चार वेळा दारात आला आणि चार वेळा जेवून गेला! शेवटी तिनं युक्ती काढली. बोट हवेत धरलं, पडद्यापासून चार अंगुळं वर, आणि घडाघडा वाचू लागली. दऱ्या आल्या तशा दऱ्याच वाचल्या. आजी ऐकत होती, मध्येच हसत होती. एकदा म्हणाली, "थांब, त्येवढं पुन्यांदा वाच." आमचा अमेरिकेतला नातू मराठी बोलतो छान, पण अक्षर पुढं केलं की मान हलवतो. त्याच्यासाठी म्हणून मी मनाशी एक यादी करून ठेवली होती, कोणकोणती पुस्तकं यंत्रात भरून ठेवायची त्याची. पुस्तकं भरून ठेवता येतील हो. तो वाचणारा मात्र यंत्रात भरता येत नाही.

घरी आल्यावर निकाल दिला. कोणतं घेतलं ते सांगणार नाही, दिवाळी जवळ आली आहे. कसोट्या सांगतो. दऱ्या नीट यायला हव्यात. अक्षर मोठं करता यायला हवं. आणि मुख्य म्हणजे दुकानाबाहेरची फाईल त्यात घालता यायला हवी आणि बाहेरही काढता यायला हवी. आपण गेल्यावर पुस्तकं आपल्याबरोबर सती जाता कामा नयेत. जी पुस्तकं कुलूपबंद मिळतात आणि मला फार प्रिय आहेत, ती कागदावरच घेईन म्हटलं. यावर सौभाग्यवतींनी तांदळाच्या डब्याकडे नुसतं पाहिलं.

नातवाशी दर रविवारी व्हिडिओवर बाराखडी चालू आहे. सध्या 'त्र'पाशी दोघांचंही घोडं अडलं आहे. आणि मी मोडीचा वर्ग लावला. युनिकोडमध्ये ब्राह्मी २०१० साली आली, मोडी २०१४ साली. संगणक शिकले, मग मास्तरांनी का मागं राहावं? वर्गात मी सगळ्यांत म्हातारा, आणि प्रगतिपुस्तकात 'हस्ताक्षर : असमाधानकारक'. तीन महिन्यांनी ट्रंक उघडली. सौ. शेजारी बसल्या होत्या, डोळे जरा ओले. मीही घसा साफ केला. पहिलं पान लावायला अर्धा तास लागला. बापाचं मन, संसारातलं काही गूज, काय काय मनात येऊन गेलं.

तोही हिशेबच निघाला. दूध, रॉकेल, माझी शाळेची फी. आणि खाली, जरा बारीक अक्षरात : 'पुस्तक एक, सव्वा रुपया. घरी सांगितले नाही.'

पुढच्या पानावर तेच. त्याच्या पुढच्या पानावर दोन पुस्तकं. राणी नागनिकेनं खर्च डोंगरावर कोरून ठेवला. आमच्या वडिलांनी तो मोडीत लिहिला, आईला वाचता येत नसे म्हणून.

सौ. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठल्या, वही पदरानं पुसली आणि फ्रिजवरच्या पुस्तकांत सगळ्यांत वर नेऊन ठेवली.

"एवढं घराणं आधी कळलं असतं," त्या म्हणाल्या, "तर या स्थळाला मी होकारच दिला नसता."